ऊस हिरवा, पण सावली कुठे?



गळीत हंगाम संपला, की आपल्या भागात दोन कामे जोरात सुरू होतात. एक लग्ने आणि दुसरे बांधकाम. उसाचे बिल बँकेत जमा झाले, की पहिला विचार घराचा येतो. "आवंदा काय बी झालं तरी स्लॅब टाकायचाच," हे वाक्य गटागटांत ऐकू येते. वाळूचे ढीग पडतात, सळई येते, गवंड्याची मिनतवारी सुरू होते. यात गैर काहीच नाही. बापजाद्यांनी गळक्या घरात दिवस काढले. आता घामाच्या पैशातून पक्के घर उभे राहत असेल, तर कोणाच्या पोटात दुखायचे कारण नाही.

परंतु उसाला कोणती जमीन मानवते हे आपल्याला तोंडपाठ असते, माणसाला कोणते घर मानवते हा विचार मात्र गवंड्यावर सोडलेला असतो. लागण, खोडवा, ठिबक, माती परीक्षण यांवर या पत्रिकेत पानेच्या पाने येतात. ज्याने ही लागण करायची तो झोपतो कुठे, त्याची म्हातारी आई दुपारभर बसते कुठे, आणि त्याचा ऊस तोडणारी बाई रात्री पाठ टेकते कुठे, हा विषय आपल्या बैठकीत क्वचितच निघतो. आज तो काढण्याचे आम्ही योजले आहे.

पहिली गोष्ट हिरवाईची. बाहेरगावचा पाहुणा आला, की म्हणतो, "तुमच्याकडं काय, नजर जाईल तिकडं हिरवंगार!" ते खरेच आहे. पण भर दुपारी त्या पाहुण्याला बसायला सावली शोधा, म्हणजे कळेल. ऊस हिरवा आहे, पण उसाखाली बसता येत नाही. बारा फूट उंचीच्या उसात वारा शिरत नाही, पाचटाची कुसळे अंगाला लागतात आणि आत काय दडले आहे याचा भरवसा नसतो. जुन्नर, शिरूर, संगमनेर, राहुरी या भागांत तर बिबट्या उसातच राहतो आणि उसातच वितो. तिथल्या बाईला अंगणाला लागून उभा असलेला ऊस ही शोभा वाटत नाही, तिला अंधार पडल्यावर बाहेर पडायची भीती वाटते. तेव्हा हिरवे दिसले म्हणजे माणसाला सुख झाले, असे नव्हे. जी हिरवाई सावली देते, वारा देते आणि जिच्याखाली चार माणसे निर्धास्त बसतात, ती माणसाच्या कामाची.

तशी हिरवाई आपल्या शिवारातून कमी होत चालली आहे. बांधावरची बाभळ गेली, लिंब गेला, विहिरीवरचा जांभूळ गेला. कारण विचारले तर शेतकरी हिशेब सांगतो, "झाडाखाली चार सऱ्या ऊस पिवळा पडतो राव, ट्रॅक्टर वळत न्हाई, पाखरं बसत्यात." हा हिशेब खोटा नाही. सावलीत ऊस भरत नाही हे कोणीही मान्य करील. म्हणून उसाच्या मधोमध वड लावा, असा सल्ला देण्याइतके आम्ही भाबडे नाही.

पण झाडाची जागा ठरवता येते, हे लक्षात घ्यावे. आपल्या महाराष्ट्रात वर्षातला बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडून कलून जातो आणि सावली उत्तरेला पडते. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या गाडीवाटेच्या दक्षिण कडेला झाडे लावली, तर वर्षातले बहुतेक महिने सावली वाटेवर पडेल, पिकावर नाही. मे महिन्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्या दिवसांत झाडाची सावली झाडाखालीच राहते. घराचे म्हणाल, तर उन्हाळ्यात दुपारी दोननंतर जी भिंत तापते ती पश्चिमेची. त्या बाजूला एक लिंब किंवा करंज असला, तर भिंत निम्मी वाचली. घराभोवती, गोठ्याजवळ, विहिरीवर आणि वस्तीच्या वाटेवर झाड लावायला उसाची एक सरीही द्यावी लागत नाही. घर आणि ऊस यांच्यामध्ये मोकळी जागा मात्र सोडावीच. त्याने वारा खेळतो, आणि साप किंवा जनावर येत असेल तर दिसते.

आता घराकडे वळू. जुन्या घरांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. धाब्याची, माळवदाची घरे उन्हाळ्यात गार असत, कारण हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती तापायलाच संध्याकाळ होई. पण आत अंधार, चुलीचा धूर, कुबट हवा आणि उंदरांची बिळे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावोगाव पसरला, तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांनी घरे सोडून रानात कोप्या घातल्या. सूक्ष्म जंतूंचे ज्ञान त्यांना नव्हते. पण अंधारी, कोंदट घरे आणि मरण यांचा काही संबंध आहे, हे त्यांनी ओळखले होते. सरकारलाही ते ओळखावे लागले. १८९८ मध्ये मुंबईत शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखली. तिथल्या पाच बागा आजही लोकांना हवा आणि सावली देतात. प्लेगच्या भीतीतून बाग निघाली, असे म्हटले तरी चालेल.

हा धडा मुंबईच पुढे विसरली, हे दुर्दैव. गोवंडी-मानखुर्द भागात झोपड्यांतील लोकांसाठी पक्क्या बहुमजली इमारती बांधल्या गेल्या. इमारतीला खेटून इमारत, मध्ये जेमतेम बोळ. २०१८ च्या सुमारास डॉक्टरांनी आणि अभ्यासकांनी तिथे पाहणी केली, तेव्हा जिथे ऊन आणि वारा पोचत नाही अशा खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचा त्रास जास्त दिसला. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. हवा कोंडली की ते खोलीतच राहतात. झोपडी गेली, पक्के घर मिळाले, पण हवा गेली. केवळ सिमेंट आहे म्हणून घर आरोग्याचे होत नाही, याचा याहून बोलका दाखला कोणता?

आपल्याकडे जागेची तशी टंचाई नाही. तरी नव्या घरात काय दिसते? पुढे रंगीत फरशीचा दर्शनी भाग, आणि आत मधल्या खोलीला एकही खिडकी नाही. शेजारच्या भावकीच्या भिंतीला भिंत. खिडकी असली तर समोर दुसरी नाही, म्हणजे वारा आत आला तरी जायचा कुठून? वर चार-पाच इंचांचा स्लॅब. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. मग एप्रिल-मे महिन्यात लाखो रुपयांचे घर सोडून माणसे अंगणात, गच्चीवर किंवा गोठ्याच्या पडवीत झोपतात. पत्र्याच्या घराची तर गोष्टच नको. रात्री झोप झाली नाही, की सकाळी फडात कोयता चालत नाही आणि पोराचे शाळेत लक्ष लागत नाही. हे आजारपण डॉक्टरच्या कागदावर येत नाही, पण माणूस त्यानेच खचत जातो.

यावर उपाय महाग नाहीत. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिला तर ऊन परतते. २०१० सालच्या उन्हाच्या लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याची योजना आखली, आणि पुढे गरिबांच्या वस्त्यांत छपरांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेतले. अशा छपराखाली घर दोन ते पाच अंशांनी गार राहते, असा अनुभव आहे. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसवले, तर गळतीही थांबते. पत्र्यावर दोडक्याचा, भोपळ्याचा वेल चढवायला काय पडते? पाचट मात्र पत्र्यावर पसरू नये. ठिणगी पडली तर घर जाते. समोरासमोर दोन खिडक्या आणि स्वयंपाकघराला धूर जायला वाट, या दोन गोष्टी गवंड्याला पाया खणतानाच सांगाव्यात. मागून भिंत फोडायला कोणी धजत नाही.

धुराचे वेगळे सांगितले पाहिजे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत गॅस आला. तरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून चुलीवर, हे आपल्यालाही माहीत आहे. घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात चुलीपुढे बसणाऱ्या बाया आणि त्यांच्या मांडीवरची लेकरे आहेत. चूल बंद होत नसेल तर निदान ती चार भिंतींच्या बाहेर, उघड्या पडवीत आणावी.

काही सभासद म्हणतील, हवा-उजेडाचे पटले, पण झाड बघून माणूस बरा होतो, हे जरा जास्तच झाले. त्यांच्यासाठी एक माहिती देतो. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच या संशोधकाने तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. बाकी वय, आजार सारखाच. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत बघणारे ८.७० दिवसांत. झाडे दिसणाऱ्यांना वेदनेवरची जहाल औषधेही कमी लागली. १९८४ साली हे प्रसिद्ध झाले आणि जगभर रुग्णालये बांधणाऱ्यांना खिडकीचा विचार करावा लागला. रुग्णालय तेच, शस्त्रक्रिया तीच, फरक खिडकीचा.

मनाचेही तसेच. फिलाडेल्फिया शहरात ५४१ उकिरडे झालेल्या मोकळ्या जागा निवडून काहींवर गवत आणि थोडी झाडे लावली, काहींवर नुसता कचरा उचलला, काही तशाच ठेवल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. हिरव्या केलेल्या जागांशेजारच्या लोकांत उदास वाटण्याचे प्रमाण, तशाच ठेवलेल्या जागांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी कमी झाले. नुसता कचरा उचलला तिथे असा फरक दिसला नाही. डेन्मार्कमध्ये नऊ लाखांहून अधिक माणसांच्या नोंदी पाहून २०१९ साली असे दिसले, की ज्यांचे बालपण सर्वांत कमी हिरवाईत गेले, त्यांना पुढे मानसिक आजार होण्याचा धोका ५५ टक्क्यांपर्यंत अधिक होता. केवळ झाडामुळेच हे झाले, असे कोणी छातीठोक सांगणार नाही. गरिबी आणि इतर कारणे जमेस धरूनही हा फरक उरला, एवढे मात्र खरे.

आपल्याला याचे नवल वाटू नये. गावच्या पाराला आपण इतकी वर्षे काय म्हणून जपले? भांडणे तिथे मिटली, सोयरिकी तिथे जमल्या, आणि म्हाताऱ्या माणसाला दिवस घालवायला एक जागा होती. आता माणसे मळ्यात राहायला गेली. वस्तीवर एक घर, भोवती ऊस, आणि म्हातारा दारात एकटा. बायांचे तर त्याहून अवघड. पार हा पुरुषांचाच होता. बायांचे बोलणे-बसणे पाणवठ्यावर, धुण्याच्या घाटावर व्हायचे. नळ आला हे फार चांगले झाले, डोक्यावरचा हंडा उतरला. पण चार बायांनी मोकळेपणाने बसावे अशी जागा गावात उरली नाही. ग्रामपंचायतीने, नाहीतर आपल्या कारखान्याने, शाळेजवळ किंवा दवाखान्याजवळ चार झाडांची, ओट्याची एक जागा बायांसाठी केली, तर तिचा उपयोग एखाद्या स्वागत कमानीपेक्षा अधिक होईल.

आता मुख्य मुद्दा. घर आणि सावली यांचा माणसाच्या प्रकृतीशी एवढा संबंध असेल, तर आपल्या कार्यक्षेत्रात पाच महिने सर्वांत वाईट जागेत राहते कोण? ऊस तोडणारा. बीड, अहिल्यानगर, जालना आणि इतर दुष्काळी भागांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात. पडीक रानात, रस्त्याकडेला, बांबू आणि ताडपत्रीची कोपी उभी राहते. आत उभे राहता येत नाही. एका कोपीत नवरा-बायको, लेकरे, पीठमीठ आणि कपड्यांचे बोचके. झाड नाही, नळ नाही, दिवा नाही, संडास नाही. बाई पहाटे तीनला उठते, अंधारात आडोसा शोधते, भाकरी थापते आणि फडात जाते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. फेब्रुवारीनंतर ऊन चढले, की मागे राहिलेले लेकरू तापलेल्या ताडपत्रीखाली झोपते.

बीड जिल्ह्यातील तोडणी कामगार बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ साली देशभर गाजली. सरकारने समिती नेमली. तपासलेल्या सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून अधिक बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. याची कारणे अनेक आहेत. डॉक्टरांचा लोभ आहे, खाडा केला की कापली जाणारी रक्कम आहे, कमी वयातली लग्ने आहेत. पण अंगधुणीला पाणी नाही आणि आडोसा नाही, त्यामुळे आजार अंगावर काढावा लागतो, हेही त्यांत आहे. तो आडोसा ज्या जमिनीवर नव्हता, ती जमीन कोणत्या ना कोणत्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रातली होती.

यावर ठरावीक उत्तरे येतात. "ती माणसं मुकादमाची, आपला काय संबंध?" संबंध कसा नाही? तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच बिलातून वजा होतो. ज्याची मजुरी आपण देतो तो आपलाच माणूस. दुसरे उत्तर असे, की टोळ्या फिरत्या असतात, घरे बांधणार कुठे? काही टोळ्या फिरत्या असतात हे खरे. पण बैलगाडीच्या टोळ्या कारखान्याच्या जवळ सबंध हंगाम एका जागी असतात. फिरत्या टोळ्यासुद्धा वर्षानुवर्षे त्याच ठरलेल्या जागी उतरतात. ती जागा कोणती, हे गटातल्या चिटबॉयला झोपेत विचारले तरी तो सांगेल. तिसरे उत्तर, हंगाम पाच महिने, बाकीचे सात महिने जागा ओस. तर मग सात महिने तिथे खळे करा, जनावरांचा बाजार भरवा, पोरांना खेळू द्या. झाडाची सावली हंगाम बघून पडत नाही.

खर्चाचे म्हणाल, तर हिशेब सोपा आहे. पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात टनामागे दोन रुपये बाजूला काढले, तर वर्षाला दहा लाख होतात. एकदम सगळीकडे होणार नाही. पण वर्षाला काही अड्डे घेतले आणि तिथे सपाट मुरमाची जागा, पाण्याची टाकी, कडी लागेल असे संडास आणि न्हाणीघर, एक दिवा, आणि कडेने लिंब-करंजाची तीस-चाळीस झाडे एवढे केले, तरी पुष्कळ झाले. आज लावलेला लिंब चार-पाच वर्षांत कोपीवर सावली धरतो. टोळी निरोगी राहिली तर तोड वेळेवर होते आणि वजनात घट येत नाही, हा आपला फायदाही आहेच. पण तो नसता तरी हे करणे आपले काम होते.

कारखान्याच्या आवारातही पाहण्यासारखे आहे. पर्यावरणाची परवानगी देताना आवाराच्या ठरावीक जागेवर झाडे असावीत, अशी अट नव्या प्रकल्पांना घालतात. बॉयलरची राख आणि बगॅसची भुकटी अडवायला कामगार वसाहतीच्या बाजूने झाडांची दाट फळी असणे गरजेचे आहे. अट कागदावर पुरी होते. जमिनीवर काय होते ते आपण जाणतो. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैमध्ये खड्डा, रोप, पाहुणा आणि फोटो हा कार्यक्रम चुकलेला नाही. खड्डाही बहुधा तोच असतो. मे महिन्यात त्या रोपाला पाणी कोण घालतो, हे विचारणारा मात्र कोणी नसतो. तेव्हा यापुढे किती रोपे लावली हा आकडा अहवालात छापू नये. तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी किती जगली, तो आकडा छापावा. सभासदांनी सभेत तोच मागावा.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ मध्ये सुरू झाला. तो नुसता ऊस गाळायला नव्हता. त्यामागोमाग परिसरात शाळा आली, दवाखाना आला, रस्ते आले. माणूस सुधारावा म्हणून ऊस, असा तो विचार होता. चिमणीतून धूर निघाला की सहकार यशस्वी झाला, असे त्या पिढीने कधी मानले नाही.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा, अशी आमची सूचना आहे. तोडणी कामगारांच्या अड्ड्यांसाठी टनामागे ठरावीक रक्कम आणि तिचा वेगळा हिशेब. कारखान्याचा दवाखाना, शाळा आणि वसाहत यांभोवती जगलेल्या झाडांची वार्षिक मोजणी. आणि शेती विभागाच्या रोपवाटिकेत उसाच्या रोपांबरोबर लिंब, करंज, जांभूळ, चिंच आणि वडाचीही रोपे, सभासदाला मागेल तेव्हा मिळतील अशी. ज्याच्या रानात टोळी उतरते, त्याने ठराव होईपर्यंत थांबू नये. विहिरीवरचा नळ मोकळा सोडावा आणि या पावसाळ्यात त्या जागेच्या पश्चिमेला दोन झाडे लावावीत. पुढच्या दिवाळीला टोळी परत येईल तेव्हा ती कमरेइतकी असतील.